पुस्तक पडवीतच राहिलं

वेंगुर्ला, मंगळवार

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

कोकणकन्येत चढताना म्हणालास, "दोन महिने कुणी फोन करू नका, मला एकटं राहायचंय." पाळतेय. पत्र म्हणजे काही फोन नव्हे.

तुझं पुस्तक पडवीतल्या खाटेवरच राहिलं. हय्य इब्न यक्झान. दुपारी सगळे कलंडले की वाचत बसते. लिहिणारा इब्न तुफैल बाराव्या शतकातला, खलिफाचा वैद्य. मूळ अरबीतून थेट इंग्रजीत आलं १७०८ साली, म्हणजे रॉबिन्सन क्रूसोच्याही अकरा वर्षं आधी. बेटावर एकटा वाढलेला हय्य नावाचा पोरगा आग, जनावरं, तारे बघत बघत आपल्याच डोक्याने ईश्वरापर्यंत जातो. तुला का आवडलं ते कळलं. जेवतोस ना वेळेवर?

मी अडले ती हरिणीपाशी. दूध पाजून वाढवणारी ती, तो सात वर्षांचा असताना मरते. तो हाका मारतो, तिचे डोळे-कान तपासतो, शेवटी धारदार दगडांनी छाती उघडतो. हृदयाला दोन कप्पे. उजव्यात गोठलेलं रक्त, डावा रिकामा. आई होती ती इथे होती आणि निघून गेली, असं तो ठरवतो. पुस्तक मिटून कुळीथ निवडायला घेतले. निवडलेलेच पुन्हा निवडत बसले.

तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांना गोष्टीतला माणूस एकटा ठेवणं सोयीचं पडत असेल. त्याला खोलीचं भाडं नाही, आणि मन भरकटलं तर लेखक धरून आणतो. तुला तिथे कोण आणणार? तसं तुझं भरकटणं काही आजचं नाही. शिमग्यात अख्खी वाडी तुला शोधत होती आणि तू किनाऱ्यावर उलट्या होडीखाली बसलेला. बाबा हात उगारून धावले, तर तू विचारलंस, "वाळूखालच्या कुर्ल्यांना भरती आल्याचं कसं कळतं?" ते होडीला टेकून हसतच सुटले. अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. मी मध्येच "पहिलीत होता तेव्हा" अशी भर घालते.

विचार कर, हवा तेवढा कर. पण दिवसातून एकदा तरी जित्या माणसाशी बोल, दूधवाल्याशी का होईना. रात्री दिवा लावून जागत बसू नकोस. आबांचं काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. झालं, लागले शाळा घ्यायला. रागावू नकोस.

आणि शेवट नीट वाचलास ना? दुसऱ्या बेटावरून एकांत शोधत आलेला अबसाल भेटतो तेव्हा हय्य पन्नाशीला टेकलेला, तोवर त्याला बोलताही येत नसतं. मग माणसांच्या बेटावर जाऊन त्यांना शिकवू बघतो, ते काही जमत नाही, आपल्या बेटावर परततो. पण अबसाल बरोबर असतो. ते पान मी दुमडून ठेवलंय. पुस्तकाची पानं दुमडलेली तुला खपत नाहीत, माहीत आहे.

वरच्या वाडीतले मामा शनिवारी मुंबईला निघतायत. त्यांच्याकडे पुस्तक, आगळ आणि कुळथाचं पीठ देतेय. गुडघे धरून तुझे तीन जिने चढतील बिचारे. बेल वाजली की पहिल्या झटक्यात दार उघड.

तुझी
आई