लेझरचं विचारलंस म्हणून

लातूर,
गुरुवार, रात्री

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. दवाखान्यानं अंगदुखीवर लेझरचं पॅकेज सांगितलंय, ते घेऊ का, असं विचारलंस, त्याचं सांगतेच. "रिपोर्ट चांगले आहेत, मग दुखतंय कशाला?" असं घरचे विचारतात, हे वाचून जीव तुटला गं. तुझं दुखणं खरं आहे. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर सतत दुखण्याच्या या आजारात, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मलच येतात, कारण मुख्य बिघाड स्नायूत नसतोच. मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचा निरोप वाढवून घेतात. जत्रेतल्या भोंग्याचा आवाज कुणी पूर्ण वर करून ठेवावा, तसा. म्हणून लेकरानं गळ्यात हात टाकला तरी खांद्यात कळ येते आणि रात्रभर झोपूनही अंग आंबलेलंच राहतं.

आता लेझरचं. ऑपरेशनच्या लेझरशी याचा संबंध नाही, काही कापत नाहीत की जाळत नाहीत. हा कमी शक्तीचा तांबडा किंवा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, साधारण 600 ते 1000 नॅनोमीटरचा. 1967 मध्ये बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांना उंदरांवर प्रयोग करताना दिसलं, की लेझर दिलेल्या जागी केस लवकर उगवतात. तिथून ही उपचारपद्धती निघाली. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, हा प्रकाश शोषून घेतात आणि त्यातून वेदना, सूज कमी होते, असं मानतात.

मी जिथं लेझर देते, तिथं बाई पालथी झोपते, तिला आणि मला दोघींना रंगीत चष्मे. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या कडेवर जिथं बोट टेकवताच ती "आई गं" म्हणते, तिथं पेनासारखा प्रोब उभा टेकवायचा. मशीन टुक करतं, मग पुढचा बिंदू. ऊब नाही, झिणझिण्या नाहीत. जवळजवळ प्रत्येक जणी विचारते, "मॅडम, चालू झालं का?"

गुण येतो का? काहींना येतो. 2019 च्या एका आढाव्यात 9 चाचण्या, 325 रुग्ण एकत्र तपासले होते. खोट्या लेझरपेक्षा (म्हणजे उपचाराचं नुसतं नाटक) खऱ्या लेझरनं वेदना आणि थकवा कमी झालेला दिसला. पण त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुला कुणी सांगणार नाही. नुसता व्यायाम करणारे आणि व्यायामासोबत लेझर घेणारे, यांच्यात फरक दिसला नाही. 325 माणसं म्हणजे तशीही थोडीच.

म्हणून त्या दवाखान्यानं सांगितलेलं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नकोस, सोयाबीनचे पैसे त्यात घालून तर मुळीच नाही. "कायमचं बरं करतो" म्हणणाऱ्यावर मला राग येतो, कारण हे दुखणं आटोक्यात येतं, मुळासकट उपटत नाही. घ्यायचाच असेल तर थोडे दिवस घे आणि ते थोडं हलकं वाटेल ना, तेवढ्यात चालणं सुरू कर. कुठं कॅन्सरची गाठ असेल तर तिच्यावर, किंवा गरोदरपणात पोटावर लेझर देत नाहीत, थायरॉईडवरही नाही. तुझ्या गळ्याची गाठ त्यांना आधी सांग.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 च्या सूचनांत ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. तुला पटणार नाही, माहीत आहे. दुखतंय त्यालाच चालायला सांगतात! पण सुरुवात एवढीशी कर, की दुसऱ्या दिवशी अंग धरणार नाही: मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. आठवडाभर तेवढंच, मग थोडं पुढं. आणि तुझी खोड मला शाळेपासून ठाऊक आहे. बरं वाटलं की गोधड्या धुणं, घर सारवणं, सगळं एका दमात उरकतेस आणि मग अंथरूण धरतेस. बऱ्या दिवशीही निम्मंच काम कर. पाण्याची कळशी लेकाला उचलू दे, त्याला मिसरूड फुटली आता.

रात्रीची अमिट्रिप्टिलीन स्वतःहून बंद करू नकोस. तोंड कोरडं पडतं म्हणालीस, ते त्या गोळीनंच. डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घे. आणि मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या रोज आणणं थांबव, या दुखण्यात त्यांचा फारसा उपयोग नाही आणि पोट मात्र बिघडतं.

वेळा अमावस्येला मी औशाला येतेच आहे. भज्जी तुझ्या जावेला करू दे, आंबील मी घुसळते. भाऊजींनाही शेतात थांबायला सांग, मला त्यांच्याशी तुझ्या दुखण्याबद्दल नीट बोलायचंय. येईपर्यंत रोज किती चाललीस आणि झोप कशी लागली, ते वहीत लिहून ठेव.

तुझीच,
मंदा