एकट्या क्वार्टरबॅकला जबाबदार धरू नकोस

सीडर रॅपिड्स, आयोवा

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. आपल्या आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल तू लिहितोस, ‘आयोवाला धड क्वार्टरबॅक (चाल सुरू करून पास फेकणारा) मिळाला असता तर 2022 आणि 2023 ही दोन वर्षं फुकट गेली नसती’. हे मला अजिबात पटत नाही. फोनवर हा विषय निघाला की दोघांचाही आवाज चढतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडे बघ. 2022 मध्ये आयोवाची सरासरी सामन्यामागे 17.7 गुण होती. त्यातही डिफेन्सने (बचावाच्या फळीने) मिळवलेले गुण धरलेत. साउथ डकोटा स्टेटला आपण 7-3 हरवलं, ते एक फील्ड गोल (किक मारून तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडून दोन-दोन गुण) यांच्या जोरावर. मग ऑफेन्सचा (चढाईच्या फळीचा) प्रशिक्षक ब्रायन फेरेंट्झ याच्या करारात अट आली: सरासरी 25 गुण आणि किमान सात विजय. पगारही नऊ लाखांवरून साडेआठ लाख डॉलरवर आला. मुळात ही अटच चुकीची होती, कारण डिफेन्सचे आणि किक परतवून काढलेले गुणही त्यात मोजले जाणार होते. ऑफेन्स सुधारायला हवा, तर मोजायचा ऑफेन्सच. 2023 मध्ये सरासरी आणखी घसरून 15.4 वर आली, आणि तरीही दहा सामने जिंकले!

तू सगळं खापर 2023 चा क्वार्टरबॅक डीकन हिल याच्यावर फोडतोस. त्याचे निम्म्याहून कमी पास पूर्ण झाले, हे खरंच आहे. पण त्याआधी केड मॅकनमारा होता, आणि 2021 मध्ये त्याच मॅकनमाराच्या मिशिगनने आपल्याला बिग टेनच्या (आपल्या विद्यापीठ-गटाच्या) अंतिम सामन्यात 42-3 असं लोळवलं होतं. तोच पोरगा 2023 मध्ये आपल्या जर्सीत पेन स्टेटविरुद्ध खेळला आणि त्याचे चौदापैकी पाच पास लागले. संपूर्ण सामन्यात ऑफेन्सचे 76 यार्ड, निकाल 0-31. गुडघा गेला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात, मिशिगन स्टेटविरुद्ध. म्हणजे हिल मैदानात येण्याआधीच गाडी रुळावरून उतरली होती. ल्यूक लाची हा टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) त्याआधीच जायबंदी झालेला, ऑक्टोबरमध्ये एरिक ऑलही गेला. ज्या ऑफेन्सची सगळी मदार टाइट एंडवर, त्याचे दोन्ही टाइट एंड संपले.

आता दुखणं नेमकं कुठे होतं ते सांगतो. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झची मूळ चाल म्हणजे आउटसाइड झोन. स्नॅप होताच (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे जाताच) आपल्या पुढच्या लाइनचे पाचही जण एकाच बाजूला आडवं पाऊल टाकतात. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) टाइट एंडच्या बाहेरच्या अंगाला निघतो, पुढचा डिफेन्सिव्ह लाइनमन कुठे झुकतोय ते बघतो आणि बाहेरून जायचं की आत वळायचं ते ठरवतो. हीच चाल दाखवून क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडे ठेवायचा आणि उलट्या बाजूला पळत टाइट एंडला पास द्यायचा, हा बूटलेग. दोन्ही चाली पहिली दोन पावलं हुबेहूब सारख्या दिसल्या तरच लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला) फसतो.

आपल्याकडे तो फसतच नव्हता. फॉर्मेशन ठरलेली, स्नॅपआधी कुणी फारसं हलत नाही, मग बचाव निवांत उभा राहून वाचत असे. सर्वांत मागचा एक बचावपटू (त्यालाही सेफ्टीच म्हणतात) पुढे आला की बॉक्समध्ये, म्हणजे लाइनसमोरच्या गर्दीत, आठ जण, आणि अडवायला आपले सात. कुणीतरी एक मोकळा राहणारच, आणि तोच रनिंग बॅकला एका यार्डावर पाडणार. चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) दहा यार्ड काढायचे असतात; दुसऱ्या डाउनलाही तसंच झालं की समोर थर्ड अँड एट, म्हणजे तिसरा डाउन आणि आठ यार्ड बाकी. क्रिकेटमध्ये आधीचे फलंदाज षटकं खाऊन जातात आणि शेवटच्याला षटकामागे पंधरा धावा हव्या असतात, तशी गत.

त्या थर्ड अँड एटला काय होतं ते नीट बघ. बचावाचे चौघे आत घुसतात, सात जण मागे, तेही नेमके फर्स्ट डाउनच्या रेषेवर. रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) दहा यार्ड पळून वळायला वेळ लागतो. क्वार्टरबॅक पाच पावलं मागे जाऊन एक छोटं पाऊल पुढे टाकतो. सगळं मिळून अडीच सेकंदांच्या आसपास चेंडू सुटायला हवा. तेवढ्यात टॅकल (लाइनच्या टोकाचा आपला खेळाडू) मागे ढकलला गेला की ते पुढचं पाऊल टाकायला जागाच उरत नाही. वजन मागच्या पायावर राहतं, कंबर फिरत नाही, हात एकटाच फेकतो आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. आपण ओरडतो, ‘नेम नाही याला!’ नेम पायात असतो रे. हिलचा स्वतःचा दोष एवढाच, की पाच यार्डांचा साधा पासही तो तीस यार्डांच्या जोराने फेकायचा. तो सरावाने सुटण्यासारखा होता.

आणि मग पंट, म्हणजे चौथ्या डाउनला चेंडू लाथेने दूर समोरच्यांकडे पाठवणं. मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरने 2023 मध्ये 93 पंट मारले, 4,479 यार्ड. एका मोसमातल्या पंट-यार्डांचा हा एनसीएएचा (विद्यापीठीय क्रीडा संघटनेचा) विक्रम. मला तो प्रचंड आवडायचा, पण पंटर इतका भरवशाचा असला की प्रशिक्षक थर्ड डाउनलाही धोका घेत नाही.

माझा खरा पुरावा 2024 चा आहे. ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आला. मॅकनमारा परतला पण जमला नाही, मग ब्रेंडन सलिव्हन, मग जॅक्सन स्ट्रॅटन. पासिंग तसंच लंगडं राहिलं. तरी सरासरी 27.7 वर गेली! आउटसाइड झोन तोच, पण स्नॅपआधी रिसीव्हर एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ लागला. त्याच्यामागे बचावपटू धावला तर मॅन (प्रत्येकाला माणूस वाटून दिलेला), नाही धावला तर बहुधा झोन (प्रत्येकाला जागा वाटून दिलेली), एवढं क्वार्टरबॅकला फुकटात कळतं. शिवाय लाइनबॅकर एक पाऊल जरी सरकला तरी गार्डला (आपल्या लाइनमधल्या खेळाडूला) त्याला अडवायचा कोन मिळतो. त्या एका पावलावर रनिंग बॅक केलेब जॉन्सन 1,537 यार्ड धावला, 21 टचडाउन केले. केलेब असामान्य होता हे तू म्हणशीलच, आणि ते खरंही आहे. पण 2023 मध्येही तो याच संघात होता.

2025 मध्ये आलेला क्वार्टरबॅक मार्क ग्रोनाउस्की तर त्या 7-3 च्या सामन्यात साउथ डकोटा स्टेटकडून खेळला होता. तो धावू शकायचा, त्यामुळे गणितच बदललं: एरवी चेंडू हातात देऊन क्वार्टरबॅक मोकळा होतो, तो स्वतः धावला की रनिंग बॅक अडवायला उरतो. बॉक्समधला तो आठवा माणूस मग मोकळा राहत नाही.

तुझा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. 2023 च्या मोसमाअखेरच्या, टेनेसीविरुद्धच्या सिट्रस बोल सामन्यात राखीव क्वार्टरबॅक मार्को लाइनेझला फार उशिरा उतरवलं. मिशिगनकडून 0-26 खाल्ल्यावर तयारीला महिना हाताशी होता. पहिल्या स्नॅपपासून चेंडू त्याला दिला असता, तर 0-35 पेक्षा वाईट काय होणार होतं?

पुढचा सामना बघताना चेंडूवर नजर ठेवू नकोस. स्नॅपआधी बॉक्समधली माणसं मोज आणि प्रत्येक फर्स्ट डाउनला किती यार्ड मिळाले ते कागदावर लिहून ठेव. चारच्या खाली किती वेळा अडकलो ते मला कळव, मग क्वार्टरबॅकवर भांडू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग