कांद्याच्या चाळीत टाकलेला युरिया: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात शेती करते. उन्हाळ कांदा आणि थोडं डाळिंब. भाव, अवकाळी, निर्यातीचे निर्बंध यांवर आपल्याकडे पत्रांचे ढीग येत असतील आणि ते यायलाच हवेत. मी लिहितेय त्या नुकसानीला मात्र आपल्या कुठल्याच अर्जात रकाना नाही. एका शेतकऱ्याचं बरं चाललेलं दुसऱ्याला बघवत नाही आणि तो रात्रीतून त्याचं पीक संपवतो, त्या नुकसानीबद्दल हे पत्र आहे.

आमच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. अज्ञात इसमाने कांदा चाळीत युरिया टाकला, लाखोंचं नुकसान. कधी द्राक्षबागेवर तणनाशक फवारलेलं असतं, कधी डाळिंबाची झाडं बुडातून कापलेली, कधी शेततळ्याचा कागद ब्लेडने फाडलेला, कधी ठिबकच्या नळ्यांचे तुकडे. शेवटी एक वाक्य असतं, ‘आकसापोटी हे कृत्य केल्याचा संशय आहे’. दुसऱ्या दिवशी ती बातमी विसरली जाते. ज्याचं गेलं त्याच्या घरात मात्र ती कित्येक वर्षं राहते.

चाळीत युरिया पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मंत्रालयात बसून कळणं कठीण आहे म्हणून सांगते. एप्रिल-मेमध्ये काढलेला कांदा आम्ही चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो आणि भाव बघत दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतो. चाळीला चारी बाजूंनी हवा लागावी म्हणून बांबूच्या पट्ट्या किंवा जाळी असते. ती हवेची फट हीच त्या माणसाची वाट. दोन मुठी इकडून, दोन तिकडून, आवाज नाही, कुलूप तोडायचं काम नाही. युरिया हवेतला ओलावा ओढून विरघळतो आणि कांद्याला पाणी सुटायला लागतं. मालकाला पहिले काही दिवस पत्ताही नसतो. आमच्या शेतकरी गटातल्या एकाने बोलावलं तेव्हा मी स्वतः पाहिलं. वरचा थर कोरडा, पत्तीला चमक, कुठलाही व्यापारी बोली लावेल असा. खाली हात घातला आणि बोटं थेट कांद्यात गेली. चाळीखाली काळपट पाण्याचा ओघळ होता आणि दोन-चार पांढरे दाणे बांबूच्या सांध्यात तसेच अडकलेले होते. त्याची आई तिथे उभी होती. ती एवढंच म्हणाली, “चोरून नेला असता तर कुणाच्या तरी पोटात गेला असता.”

त्या माउलीचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चोराला काहीतरी हवं असतं. ज्याने युरिया टाकला त्याला एक कांदासुद्धा मिळाला नाही. उलट युरियाची गोणी त्याने पदरच्या पैशाने आणलेली. समोरच्याकडे आहे ते राहू नये, एवढ्याचसाठी एक माणूस रात्रीचा उठतो, चालत जातो, पकडलं जाण्याचा धोका पत्करतो. अशा माणसाला नुसतं ‘समाजकंटक’ म्हणून भागत नाही. बहुतेक वेळा तोही सकाळी डेअरीला दूध घालणारा, सोसायटीचं कर्ज फेडणारा, आपल्यातलाच असतो.

कुणाचं पीक जळतं तेही बघा. ज्याचे दोन पेट्रोल पंप आहेत, ज्याची शंभर एकर आहे, त्याच्या वाटेला कुणी जात नाही. त्याचं मोठेपण लोकांनी कधीच मान्य करून टाकलंय. खुपतो तो बांधालगतचा. आजोबांच्या एकाच शेतातून वाटणी झाली, दोघांच्या वाट्याला सारखीच जमीन आली, एकाच विहिरीत पाण्याची बारी ठरली. मग एकाने डाळिंब लावलं, त्याला दोन वर्षं भाव सापडला, दारात ट्रॅक्टर आला, मुलगी पुण्याला शिकायला गेली. दुसऱ्याचं तेल्या रोगात गेलं. दोघांतलं अंतर इतकं थोडं आहे की, ‘त्याच्या जागी मी असू शकलो असतो’ हा विचार दुसऱ्याला झोपू देत नाही. त्यात घरात ऊठसूट तुलना होते. बघा तुमचा भाऊ. बघा त्याची बायको. रोज असं ऐकून घेणाऱ्या माणसाचं काय होत असेल, याकडे आपण कुणीच लक्ष देत नाही. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यासाठी समुपदेशनाची भाषा आता निदान ऐकू येते. तुलनेने खचलेल्याची दखल कोण घेणार?

एका चाळीचं नुकसान त्या चाळीपुरतं राहत नाही, आणि इथे आपल्या खात्याचा थेट संबंध येतो. आमच्याकडे कांद्याचं उळं, म्हणजे बी, घरचं धरायची रीत होती. ज्याचा कांदा टिकला, त्याच्याकडचं उळं चार घरं मागून न्यायची. औषध कुठलं मारलं, पाणी किती दिवसांनी दिलं, सगळं बांधावर उभ्या उभ्या कळायचं. आता ज्याला चांगलं पिकतं तो बोलत नाही. एकरी उत्पादन कमी सांगतो. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून माल लांबच्या बाजार समितीत नेतो. आपल्या शेतीशाळेत कृषी सहायक विचारतात, “एकरी किती निघाले?” आणि ज्याला सगळ्यात जास्त निघाले तो खाली मान घालून बसतो. विद्यापीठात वर्षानुवर्षं घालवून तयार केलेलं वाण आणि तंत्र या गप्प बसण्यापाशी येऊन थांबतं.

दुसरा परिणाम संशयाचा. करणारा सापडत नाही, म्हणून सगळेच आरोपी होतात. जुन्या बांधाच्या भांडणातली नावं फिर्यादीत येतात. भावकीत बोलणं बंद, साखरपुड्याचं आमंत्रण नाही, मयतीला खांदा नाही. आणि कधी कधी हा संशय एखाद्या एकट्या बाईवर जाऊन बसतो. हिची नजर वाईट, हिने करणी केली. विधवा बाईने स्वतःच्या हिमतीवर चार पैसे मिळवले की ती आधीच लोकांच्या डोळ्यांवर असते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्याने केला, याचा मला अभिमान आहे. पण पीक कशाने गेलं हे शास्त्रीय तपासणीने वेळेत कळलं, तर त्या बाईपर्यंत संशय पोहोचणारच नाही. त्यासाठी नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत जायला हवा.

आता नुकसान भरपाईचं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत युद्ध आणि अणुधोक्याच्या जोडीने ‘दुष्ट हेतूने केलेलं नुकसान’ स्पष्टपणे वगळलेलं आहे. काढणीनंतरचं जे संरक्षण राज्यात होतं, ते शेतात पसरून ठेवलेल्या पिकाला, तेही चौदा दिवसांपर्यंत. चाळीतल्या कांद्याला ते कधीच लागू नव्हतं. फळबागेचा विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो, तणनाशकाने करपलेली बाग त्या आकड्यांत दिसत नाही. आपत्तीची मदत नैसर्गिक आपत्तीला. म्हणजे गारपिटीने बाग गेली तर थोडं तरी काही मिळण्याची आशा असते, माणसाने नेली तर काहीच नाही. विमा कंपन्यांची अडचण मला कळते. स्वतःच नुकसान करून भरपाई मागणारे निघतील, ही भीती खोटी नाही. पण गुन्हा नोंद झाला, तपासणीत रसायन सापडलं, मालकाचा हात नाही हे पोलिसांनी लिहून दिलं, अशा प्रकरणांत तरी राज्य सरकारने स्वतःच्या निधीतून मदत द्यावी. बागेवर कोयता चालला तर नव्याने लावून माल धरायला दीड-दोन वर्षं जातात, आणि तोवर बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

कायदा पूर्वीपेक्षा बरा झालाय. जुन्या भारतीय दंड संहितेत पन्नास रुपयांच्या पुढचं कितीही नुकसान असो, साधारण एकाच कलमात, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत बसायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये वीस हजार ते एक लाखाच्या आतल्या नुकसानीला दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख व त्यापुढे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे सगळं प्रकरण पंचनाम्यातल्या रकमेवर उभं राहतं. आणि ती रक्कम आज कोण ठरवतं? ठाण्यातून आलेला हवालदार अंदाजाने लिहितो. चाळीत किती क्विंटल होता, आजचा भाव काय, किती टक्के सडला, बागेचं वय किती, हे सांगू शकणारा माणूस आपल्या खात्यात आहे, पण त्याला तिथे बोलावण्याची कुणावर सक्ती नाही. कृषी, महसूल आणि पोलीस यांनी चोवीस तासांत एकत्र पंचनामा करावा, असं परिपत्रक गृह खात्याशी बोलून आपण काढू शकता.

एका बाबतीत मात्र मत्सर हा शब्द वापरताना सावध राहावं लागतं. दलित किंवा आदिवासी शेतकऱ्याचं उभं पीक कुणी जनावरं सोडून चारलं, तर ठाण्यात ‘आपसातला वाद’ लिहून मिटवायची घाई होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर अशा शेतकऱ्याच्या पिकाचा नाश करणं हा वेगळा गुन्हा म्हणून नमूद आहे. खालचा मानलेला माणूस बरोबरीला आला म्हणून होणारी जळजळ ही जातीची आहे. तिथे समजुतीच्या बैठका नकोत, तो कायदा लावायला हवा.

तसंच, शेजाऱ्याच्या प्रत्येक रागाला मत्सर म्हणणंही अन्यायाचं होईल. एकाने सहाशे फूट बोअर घेतला आणि दुसऱ्याची विहीर आटली, तर दुसऱ्याचा राग खरा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी बोअरवेलला बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. कुणी काय लावायचं ते उपलब्ध पाणी बघून ठरतं. तिथे एकाची भरभराट दुसऱ्याच्या विहिरीतून आलेली नाही हे सगळ्यांना माहीत असतं. योजनांच्या याद्यांचंही तसंच आहे. शेततळं कुणाला मिळालं, कुणाला का नाही, हे कारणासकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं, तर ‘त्याने वरून वशिला लावला’ या कुजबुजीला जागा उरणार नाही.

आणि आपल्या खात्याच्या कौतुकाच्या पद्धतीबद्दल मला मनापासून बोलायचंय. यशोगाथेत शेतकऱ्याचा फोटो, गावाचं नाव आणि ठळक अक्षरात ‘एकरी इतके लाख’. खर्च शेवटच्या ओळीत, कर्जाचा उल्लेखच नाही. तो आकडा वाचून गावातले लोक त्याच्याकडे शिकायला येण्याआधी त्याच्याकडे बघायला लागतात. पीक स्पर्धेतही पहिला, दुसरा, तिसरा असे एकेकटे शेतकरी. पाणी फाउंडेशनने २०२२ पासून फार्मर कप सुरू केला, त्यात शेतकऱ्यांचे गट उतरतात. शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं तर आपल्याच गटाचे गुण वाढतात. चढाओढ तिथेही आहे, फक्त तिने शेजाऱ्याला आपल्या बाजूला आणून उभं केलंय. आपल्या पीक स्पर्धेत गटांसाठी वेगळा विभाग करा. कृषिभूषण पुरस्कार देताना त्या शेतकऱ्याचं तंत्र गावातल्या किती जणांनी उचललं, हे तपासा. यशोगाथेत नफ्याच्या शेजारी खर्च आणि अपयशाचं वर्षही छापा.

गावपातळीवर यंत्रणा नव्याने उभारायला नको. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती. तिची समिती आजही बऱ्याच गावांत निदान फलकावर आहे. ‘सलोखा’ योजनेत, बारा वर्षांपासून एकमेकांच्या ताब्यात असलेल्या जमिनीची अदलाबदल नाममात्र शुल्कात करून मिळते. ती माहिती आमच्याकडच्या निम्म्या भाऊबंदांना नाही. पोलीस पाटील, समितीचा अध्यक्ष आणि कृषी सहायक यांनी पावसाळ्याआधी एकदा एकत्र बसून गावात कुठे बांध धुमसतोय याचा अंदाज घेतला, तरी पुष्कळ काही टळेल. गावाला ते आधीपासून ठाऊक असतं. विचारायला कुणी येत नाही एवढंच.

आमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिलपासून चाळीत पडायला लागतो. एकत्र पंचनाम्याचं परिपत्रक आणि मदतीचा शासन निर्णय त्याआधी निघाला, तर याच हंगामात त्याचा उपयोग होईल. आपण नाशिकला याल तेव्हा आमच्या गटाचे शेतकरी कागदपत्रं घेऊन भेटायला तयार आहेत. त्यांत ज्यांची चाळ गेली तेही आहेत, आणि बोलण्याची त्यांची तयारी आहे.

आपली विश्वासू,
बागलाण तालुक्यातील एक कांदा उत्पादक