ठिपका दिसतोय, पण जागेवर आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पिस्तुलावरच्या रेड डॉटबद्दल (काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, म्हणजे नेम धरायचं साधन) लेख आला होता तो वाचला, छान होता, सोपा करून सांगितलाय, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहायला बसलो. एक म्हणजे लेखक म्हणतात की आता बॅटऱ्या वर्षानुवर्षं टिकतात तेव्हा डॉटच्या जोडीला आयर्न साईट (मागची खाच आणि पुढची फ्रंट साईट, या जुळवून नेम धरायच्या साध्या साईट) ठेवणं म्हणजे फुकटचं ओझं. आणि दुसरं म्हणजे तो फोटो. त्यात लाल ठिपका फ्रंट साईटच्या डोक्यावर लॉलीपॉपसारखा बसवलाय आणि खाली छापलंय "अचूक नेम". गंमत अशी की या दोन चुका एकमेकीच्या उलट आहेत, एकीकडे आयर्न साईट नकोत म्हणायचं आणि दुसरीकडे फोटोत त्यांच्याच आधाराने नेम धरायचा!

माझी सुरुवात 10 मीटर एअर पिस्तूलने झाली. तिथे आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात डॉट चालतच नाही, फक्त ओपन साईट, त्यामुळे डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवलेली की नजर माशीवर, टार्गेट धूसर दिसलं तरी दिसू दे. (आमचे कोच फ्रंट साईटला माशीच म्हणायचे, मलाही तेच तोंडात बसलंय.) पुढे चाळिशी लागली आणि ती माशीच धूसर दिसायला लागली, मग झक मारत डॉट घेतला. आणि खरं सांगतो, पहिले काही महिने मी डॉट वापरतच नव्हतो. आधी मागची खाच आणि माशी जुळवायची, मग त्यावर ठिपका नीट बसलाय का बघायचं, मग चाप. म्हणजे काम कमी व्हायच्या ऐवजी वाढवून ठेवलं होतं मी.

डॉटची सगळी मजाच ही आहे की जुळवाजुळव करावी लागत नाही. छोट्या एलईडीचा उजेड काचेवर पडतो, काचेवरचा थर तेवढाच लाल रंग डोळ्याकडे परत पाठवतो, आणि काचेचा बाक असा असतो की ठिपका काचेवर न दिसता लांब टार्गेटपाशी असल्यासारखा दिसतो. नजर टार्गेटवरच ठेवायची. ठिपका काचेच्या मधोमध नसून कोपऱ्यात असला तरी गोळी जवळपास ठिपक्याच्याच जागी जाते. याउलट आयर्न साईटमध्ये दोन साईटमधलं अंतर साधारण 16 सेंमी धरलं आणि माशी फक्त 1 मिमी सरकली तर 25 मीटरवर गोळी 15 सेंमीच्या वर भरकटते. म्हणून जो माणूस प्रत्येक गोळीला ठिपका माशीवर आणून बसवतो तो डॉट लावूनही आयर्न साईटनेच मारतोय, मधे नुसती काच आलीय.

मग आयर्न साईट कशाला ठेवायच्या? सगळे म्हणतात बॅटरी गेली तर. ठीक आहे, पण मेलेला डॉट मला तेवढा धोक्याचा वाटत नाही, काच रिकामी दिसली की लगेच कळतं ना. अगदी जवळचं टार्गेट असेल तर त्या रिकाम्या चौकटीतून बघूनसुद्धा मारता येतं. पंचाईत होते ती ठिपका छान झगझगीत दिसतोय पण जागेवरून सरकलाय तेव्हा.

माझ्याच बाबतीत झालं. गोळ्या खाली डावीकडे जायला लागल्या. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या की कुणीही सांगेल ट्रिगर ओढतोयस, खेचतोयस. मलाही तेच वाटलं. दोन आठवडे घरी रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर केलं, बोटाला शिव्या घातल्या, फरक शून्य. शेवटी एक दिवस रेंजवर पिस्तूल सँडबॅगवर टेकवून सहज आयर्न साईट नीट जुळवल्या आणि बघितलं तर एरवी माशीच्या माथ्याला जेमतेम टेकणारा ठिपका चक्क वर उजवीकडे उभा! डॉटचा एक स्क्रू ढिला झाला होता. चूक माझीच, मी तो हाताच्या अंदाजाने पिळला होता, ना टॉर्कचा (ठराविक जोरानेच पिळणारा) पाना वापरला ना स्क्रू लॉक करायचं ते निळं औषध लावलं होतं. आता स्क्रू आणि बॉडी दोन्हींवरून पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवलीय, स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

तेव्हा माझ्या मते बॅकअप साईटचं मोठं काम साक्षीदाराचं आहे. पण साक्षीदार स्वतंत्र पाहिजे! खूप जण काय करतात, डॉट नवा बसवला की डॉटचे बारीक स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून ठिपका माशीवर आणतात आणि झालं झिरो (म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणणं) म्हणतात. तसं केलं तर एकाची चूक दुसऱ्यात उतरते. सुरुवातीला अंदाज घ्यायला ठीक आहे, पण नंतर डॉट गोळ्या मारूनच झिरो करायचा, आणि डॉट बंद करून आयर्न साईटवर वेगळा ग्रुप (एकाच नेमाने ओळीने काही गोळ्या) मारून बघायचा, अंतर तेच. दोन्ही पक्के झाले की मग पिस्तूल टेकवून साईट जुळवायच्या आणि ठिपका माशीच्या तुलनेत कुठे येतो ते एकदाच लक्षात ठेवायचं. माशीवर बरोब्बर बसलाच पाहिजे असं काही नाही, नेहमीच्या जागी दिसला म्हणजे झालं. रेंजवर गेल्यावर पहिली गोळी भरायच्या आधी ही तपासणी करायची, अर्धा मिनिट लागतो, आणि मग मारताना माशीला विसरून जायचं.

यासाठी साईट उंच लागतात, साध्या साईट डॉटच्या बॉडीमागे लपतात. सायलेन्सरच्या वरून दिसाव्यात म्हणून ज्या उंच साईट बनायच्या त्याच इथे कामाला आल्या. मला विचाराल तर दोन्ही साध्या काळ्या घ्या. चमकणारे तीन पांढरे टिपके आणि वर एक लाल म्हणजे डोळ्यासमोर जत्रा भरते.

बॅटरीबद्दल पण लेखात अर्धंच आलंय. 2009 मध्ये आलेल्या ट्रिजिकॉन कंपनीच्या आरएमआर या डॉटची बॅटरी तळाला असते, ती बदलायची तर अख्खी साईट काढून परत बसवावी लागते, म्हणजे झिरो पुन्हा तपासणं आलंच. आणि उघड्या प्रकारच्या डॉटमध्ये पावसाचा एक थेंब एलईडीवर बसला तर बॅटरी नवी कोरी असूनही ठिपका फुटतो नाहीतर गायब होतो. एमपॉईंटच्या ॲक्रोसारख्या बंद डब्याच्या डॉटमध्ये तेवढी भानगड नाही, पण बाहेरच्या काचेवर पाणी किंवा धुकं साचायचं ते साचतंच. आणि डबा बंद असला तरी खालचा स्क्रू ढिला व्हायचा तो होतोच की.

लेखकांवर राग नाही, माझ्या कोचनेही डॉटला बरीच वर्षं नाकं मुरडली होती. फक्त तो फोटो पुन्हा छापणार असाल तर बदला एवढीच विनंती, ठिपका काचेच्या कडेला असलेला, माशी खाली कुठेतरी राहिलेली आणि तरी टार्गेटच्या मधोमध भोक पडलेलं असा फोटो कुठल्याही रेंजवर पाच मिनिटांत काढून मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक