पाच डॉलरची याचिका कुठे अडते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातलेही होते. तेव्हापासून अमेरिकेतल्या इमिग्रेशन कोठडीच्या बातम्यांत ‘हेबियस कॉर्पस दाखल केली’ असे एक वाक्य हमखास असते. हेबियस कॉर्पस म्हणजे कोठडी बेकायदा असल्याचे सांगून सुटका मागणारी याचिका. ते वाचून घरच्यांना वाटते की आपल्या उच्च न्यायालयासारखे तिथले न्यायाधीशही ‘माणसाला हजर करा’ म्हणतील. सहसा तसे होत नाही. निकाल बहुधा कागदांवरच लागतो. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसल्याने ते कागद पुष्कळदा कोठडीतला माणूस स्वतःच भरतो, आणि मूळ मुद्द्यापर्यंत पोचण्याआधीच अडकतो.

पहिला घोळ मागणीचा. हद्दपारीचा आदेशच चुकीचा आहे असे म्हणायचे असेल तर अंतिम आदेशापासून ३० दिवसांत थेट फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयात जावे लागते. हेबियस (अमेरिकी कायद्याचे कलम २२४१) फेडरल जिल्हा न्यायालयात चालते आणि तिथे प्रश्न एकच: या माणसाला आज कोंडून ठेवायला कायद्याचा आधार आहे का? ‘परत पाठवू नका’ ही विनंती त्यात घातली की तेवढा भाग अधिकारक्षेत्राबाहेरचा म्हणून बाजूला पडतो. जेवण, औषधोपचार यांच्या तक्रारीही त्यात घालू नयेत. त्या दिवाणी दाव्यात जातात आणि त्याची फी ४०५ डॉलर आहे. हेबियसची फक्त ५. तेवढेही नसतील तर फीमाफीच्या अर्जाला कोठडीतल्या खात्याचा दाखला जोडायचा.

छापील नमुना ‘एओ २४२’ फेडरल न्यायालयांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो भरताना न्यायालय आणि प्रतिवादी, या दोन रकान्यांत लोक फसतात. कुटुंब न्यू जर्सीत आणि माणूस लुईझियानातल्या जेनाच्या केंद्रात असेल, तर याचिका लुईझियानाच्या पश्चिम जिल्ह्यात जाते. प्रतिवादी म्हणून आधी त्या केंद्राच्या वॉर्डनचे नाव, केंद्र खासगी कंपनी चालवत असली तरी. पाडिया खटल्यापासून (२००४) प्रत्यक्ष ताबा असणाऱ्यावरच सर्वोच्च न्यायालयाचा भर आहे. आइस या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेचा स्थानिक संचालक, गृहसुरक्षा मंत्री आणि अ‍ॅटर्नी जनरल यांची नावे त्याखाली जोडलेली बरी.

हे सगळे लवकर करावे लागते, कारण माणसे रातोरात दुसऱ्या राज्यात हलवली जातात. मित्सुये एंडो या जपानी-अमेरिकन तरुणीच्या खटल्यात (१९४४) ठरले की याचिका योग्य जिल्ह्यात आधी दाखल झाली असेल, तर नंतर हलवल्याने त्या न्यायालयाचा अधिकार जात नाही. आधी हलवले, की नवा जिल्हा. म्हणून घरच्यांनी आइसच्या ऑनलाइन शोधयंत्रावर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळखक्रमांक) आणि जन्मदेश टाकून रोज ठिकाण पाहावे. दाखल केल्यानंतर हलवले तर नवा पत्ता न्यायालयाला त्याच दिवशी लिहून कळवावा. टपाल परत गेले की पाठपुरावा केला नाही म्हणून याचिका निकाली निघते, आणि हे होताना कुणाला कळतही नाही.

आता सर्वात जास्त उगाळले जाणारे ‘सहा महिने’, म्हणजे सहा महिने कोंडले की सोडावेच लागते हा समज. हा आकडा झॅडव्हिडास खटल्यातला (२००१). हे गृहस्थ जर्मनीतल्या निर्वासित छावणीत लिथुआनियन आईवडिलांच्या पोटी जन्मले होते. त्यांना ना जर्मनी घ्यायला तयार होती, ना लिथुआनिया. म्हणून न्यायालयाने म्हटले की परत पाठवण्याची नजीकची शक्यताच नसेल, तर बेमुदत कोंडता येणार नाही. भारत मात्र आपले नागरिक परत घेतो. त्यामुळे भारतीयाने नुसते ‘सहा महिने झाले’ लिहून भागत नाही. वकिलातीकडे प्रवासाचा कागद कधी मागितला, उत्तर काय आले, ९० दिवसांच्या कोठडी-आढाव्यात काय लिहिले होते, हे तारीखवार मांडून कागद जोडावे लागतात. मुदत मोजायची ती अटकेपासून नव्हे, हद्दपारीचा आदेश अंतिम झाल्यापासून. चौथ्या महिन्यात केलेली याचिका बहुधा ‘मुदतपूर्व’ म्हणून परत येते. पासपोर्टच्या अर्जावर सही करायला नकार दिला, तर सरकार ती मुदत थांबली असे म्हणते, आणि कायदा सरकारच्याच बाजूचा आहे. ‘सही करू नकोस’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर छातीठोकपणे दिला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ज्यांचा अंतिम आदेश अजून झालेला नाही, त्यांचे गणित निराळे. तपासणी न होता सीमा ओलांडलेल्यांना जामिनाची सुनावणीच नाही, असे इमिग्रेशन अपील मंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये ठरवले. त्यावर न्यायालयांची मते फुटली आहेत. त्या भागातल्या अपील न्यायालयाचा ताजा निकाल पाहिल्याशिवाय लिहायला बसू नये.

मजकूर इंग्रजीत नातेवाइकाने टाइप केला तरी चालतो, पण सही बंद्याची हवी. नोटरी लागत नाही, खोटे लिहिल्यास शिक्षेला पात्र असल्याचे कथन पुरते. त्याला सही करणे शक्यच नसेल तर जवळची व्यक्ती त्याच्या वतीने दाखल करू शकते, मात्र का शक्य नाही ते लिहावे लागते. आणि सोबत वकील नेमून देण्याचा अर्ज जोडावाच. नेमणूक न्यायाधीशांच्या मर्जीवर असते, पण न मागता ती क्वचितच होते.

कायद्यात सरकारने उत्तर देण्याची मुदत तीन दिवस, फार तर वीस आहे. प्रत्यक्षात न्यायालये ती वाढवतात. उत्तर आल्यावर प्रत्युत्तर द्यावे. मॅजिस्ट्रेटचा (जिल्हा न्यायाधीशांना शिफारस करणाऱ्या दुय्यम न्यायाधीशांचा) अहवाल विरुद्ध गेला तर १४ दिवसांत लेखी हरकत घ्यावी, नाहीतर अनेक ठिकाणी अपिलाची वाटच बंद होते. अपिलाला ६० दिवस.

एक विनंती. बातमी छापताना याचिका कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या जिल्ह्यात दाखल झाली, एवढे द्यावे. एक वर्षाची मुदत असलेले कलम २२५४ हे राज्य न्यायालयाने शिक्षा दिलेल्या कैद्यांचे. ते इथे लागू समजून आधीच घाबरलेली कुटुंबे आणखी घाबरतात.

आपला,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)