काचवाले दादा, तुम्ही आप्पांच्या खुर्चीत बसलात त्याबद्दल

नमस्कार दादा,

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पण गेले तीन आठवडे सवयीने रात्री दोनला मला जाग येते, शेजारच्या खोलीत जाऊन बघते तर आप्पा गाढ झोपलेले असतात, आणि तेव्हा तिथेच दारात उभी असताना तुमची आठवण येते. मग वाटलं एकदा लिहूनच टाकावं. तुमच्या दृष्टीने बिल झालं, पैसे मिळाले, विषय संपला असेल, आमच्याकडून नाही संपलेला.

तुम्हाला घरातलं थोडंफार माहितीये, पण बाकीच्यांसाठी सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, विटा डेपो, ३१ वर्षं. विटा-मुंबई बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. कराड, उंब्रज, सातारा, खंबाटकी, शिरवळ, कात्रज, हा रस्ता त्यांना आजही वळणांसकट पाठ आहे, माझं नाव मात्र काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. आई गेल्यावर त्यांना इकडे बावधनला आणलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, हॉलची खिडकी सरळ मुंबई-बेंगळुरू हायवेवर, आणि तिथे ट्रक रात्रभर थांबतच नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की यांची झोप सांभाळा, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोंधळ वाढतो. आणि आप्पांचं असं की हॉर्न ऐकला की उठून बसायचे, अंधारात चपला शोधायचे, "पाच पंचवीसची गाडी आहे, कंडक्टर आला का" म्हणून विचारायचे. एकदा तर दार उघडून खाली पार्किंगपर्यंत गेले होते, वॉचमनने हाताला धरून वर आणलं.

म्हणून २०२१ मध्ये यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, डबल काचेची खिडकी बसवून घेतली. नुसता आवाजच थांबवायचा असता तर जाड पडदे लावले असते, कपाट सरकवलं असतं तिथे, काहीही केलं असतं. पण दिवसा आप्पांना तोच हायवे बघायचा असतो ना. सकाळी चहा झाला की खिडकीपाशी खुर्चीत बसतात, मुंबईकडून येणारी लाल गाडी दिसली की सांगतात, ही सातारा, ही विटा, ही लेट आहे. बोर्ड एवढ्या लांबून कुणालाच वाचता यायचा नाही, पण त्यांचं ठरलेलं असतं. हिरवी-पांढरी काही दिसली की एशियाड. म्हणजे रात्री ऐकू येऊ नये आणि दिवसा दिसत राहावं, अशी दोन्ही कामं आम्हाला एकाच काचेकडून हवी होती, आणि सुरुवातीला ती झाली सुद्धा. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातला जुना पूल स्फोट करून पाडला त्या रात्री आख्खी सोसायटी जागी होती, गच्चीवर माणसं, आणि आप्पा आत घोरत होते.

नंतर काचेत वाफ धरायला लागली. आधी खालच्या कोपऱ्यात, मग पावसाळ्यात वर वर चढत गेली, आणि शेवटी मधली मोठी काच दुधासारखी झाली. आप्पा सारखे हाताने पुसायचे, मग शर्टाच्या बाहीने, मग मला म्हणायचे वायपर लाव. रोज वीस-पंचवीस वेळा. पुसून जात नव्हतं कारण ते दोन काचांच्या मधे होतं, हे त्यांना कितीदा सांगणार आणि कसं सांगणार.

ज्यांनी खिडकी बसवली त्यांना फोन केला. त्यांच्याबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही. सात वेळा फोन, दोन वेळा माणूस येऊन फोटो काढून गेला, आणि उत्तर काय तर तुमच्या घरात ओल जास्त आहे, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवत जा. पुढे म्हणाले वॉरंटी प्रोफाइलची, म्हणजे चौकटीची आहे, काचेची नाही. आणि शेवटी, सगळी खिडकी बदला, ४८ हजार. फ्रेमला एक ओरखडा नाही आणि ती काढून फेकून द्यायची! दुसऱ्या एकाने तर घरी न येताच व्हॉट्सॲपवर तोच आकडा टाकला.

तिसरा आला तो म्हणाला काच बदलायची गरजच नाही, बारीक भोक पाडतो, आत सुकवतो, परत बंद करतो, तीन हजारात काम. मी दमले होते दादा, हो म्हटलं. त्याने आतल्या काचेला ड्रिल टेकवलं आणि एका क्षणात सगळी काच खळ्ळकन खाली आली, ज्वारीचं पोतं फुटावं तशी. तुम्ही नंतर सांगितलंत की टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, जे काय करायचं ते आधीच, आणि हे तुमच्या गाळ्यातल्या शिकाऊ पोरालाही माहिती असतं. त्याला नव्हतं. किंवा असेल, त्याने नशिबावर टाकलं असेल, ते तर अजून वाईट.

आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. जमिनीवरचा तो चुरा बघितला आणि थरथरायला लागले. म्हणाले, "पुढची काच फुटली, पॅसेंजरला लागलं का?" मी सांगते आप्पा कुणाला लागलं नाही, आपण घरी आहोत, तर पुन्हा तेच, मागे कोण बसलंय बघ, लहान पोर आहे का बघ. तो माणूस तोपर्यंत ड्रिल पिशवीत घालून निघून गेला होता. झाडू सुद्धा मागितला नाही त्याने.

पुढचे १९ दिवस खिडकीला आतून पुठ्ठा होता, बाहेरची एकटी काच कधी निखळेल याची भीती म्हणून. रात्री हॉर्न परत सुरू, पाच पंचवीसची गाडी परत सुरू. दिवसा आप्पा खुर्चीत बसायचे, पुठ्ठ्याकडे तोंड करून. मी खुर्ची फिरवली तर परत तिकडेच फिरवायचे. ते बघणं मला सहन होत नव्हतं, ऑफिसला जाताना मी हॉलकडे बघणं टाळायचे.

मग तुमचा नंबर मिळाला, आमच्या इस्त्रीवाल्या मावशींकडून. तुम्ही बाजूच्या छोट्या काचेवर, तिच्यातही थोडी वाफ होती, आतून बोट फिरवलंत, मग हात बाहेर घालून बाहेरून फिरवलंत, आणि म्हणालात ही वाफ तुमच्या बाजूची पण नाही आणि बाहेरची पण नाही, दोन काचांच्या कडेचं सील गेलंय, तुमच्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही. इतक्या महिन्यांनी कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की यात तुमची चूक नाही. नंतर पट्टी काढून मला बोलावून दाखवलंत, खालच्या चौकटीत पाणी साठलेलं, पाणी बाहेर जायची भोकं बसवणाऱ्यांनीच सिलिकॉनने बुजवलेली, आणि काचेखाली पॅकिंग नाही, म्हणजे प्रत्येक पावसाळ्यात ती काच खालून पाण्यात उभी होती, सील सुटेल नाही तर काय होईल. फ्रेम चांगली आहे ताई, फक्त काचा बदलायच्या, असं म्हणालात. ४८ हजार मागणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं का दादा? मला नाही वाटत.

आणि खोटी आशा पण दिली नाहीत. मी विचारलं आवाज पूर्ण बंद होईल ना, तर म्हणालात हॉर्न बराच कमी होईल, मोठ्या ट्रकची घरघर थोडी राहणारच, पूर्ण बंद म्हणून जो सांगेल त्याच्याकडून काम करून घेऊ नका. एक काच ६ एमएमची आणि एक ५ ची घ्या म्हणालात, दोन्ही सारख्या असल्या की जो सूर एकीतून जातो तोच दुसरीतून पण जातो. काचा बसल्यावर आमच्या देवघरातली उदबत्ती मागून घेतलीत आणि चौकटीभोवती फिरवून धूर कुठे हलतोय ते बघितलंत, कारण जिथून हवा येते तिथून आवाज पण येतो. आप्पांनी उदबत्ती बघून हात जोडले होते.

पण हे पत्र त्यासाठी नाहीये. ते चांगलं काम झालं, आणि चांगल्या कामाचे आम्ही पैसे दिले. पत्र पुढच्या पाच मिनिटांसाठी आहे.

काम संपलं होतं, संध्याकाळ होत आली होती, तुमचा पोरगा सामान भरत होता, मी पैसे आणायला आत गेले होते. बाहेर आले तर तुम्ही आप्पांना विचारत होता, "आप्पा, दोन मिनिटं तुमच्या शीटवर बसू का?" त्या खुर्चीत आप्पा कुणाला बसू देत नाहीत, माझ्या मुलालाही नाही. पण तुम्ही शीट म्हणालात, आणि ते उठले. तुम्ही बसलात, नुसतं टेकला नाहीत, नीट मागे रेलून ते बसतात तसे बसलात, आणि बाहेर बघत राहिलात. मला वाटलं दमले असतील. मग म्हणालात, "ताई, एक डाग आहे."

मला दिसेना. मी उभी होते, उभ्याने बघितलं तर तो डाग समोरच्या बिल्डिंगच्या पांढऱ्या भिंतीवर पडत होता, म्हणून कळतच नव्हता. तुम्ही उठून मला बसवलंत आणि तेव्हा दिसला, काचांच्या आतल्या बाजूला कारखान्यात कुणाच्यातरी बोटाचा ठसा राहून गेलेला, बरोबर हायवेच्या काळ्या पट्ट्यावर, बरोबर जिथून गाड्या येतात तिथे. मी म्हटलं राहू द्या हो, एवढ्याशा डागाचं काय. मी खरंच मनापासून म्हटलं, मला ते प्रकरण संपवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला नाही दिसणार ताई, पण ते दिवसभर इथूनच बघणार ना. आणि पुसायला जातील, आणि ते पुसून जाणार नाही."

आप्पा काच पुसतात हे मी तुम्हाला एकदाच, पहिल्या दिवशी, बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवलं होतंत.

ती काच तशीच राहू दिलीत, परत पुठ्ठा नको म्हणून. दुसरी करायला टाकलीत आणि आठव्या दिवशी येऊन बदललीत. पैसे विचारले तर हात जोडलेत, टेम्पोचं भाडं सुद्धा घेतलं नाहीत. माझ्या नवऱ्याने हिशोब करून सांगितलं की या कामात तुमच्या हाती काहीच उरलं नसणार. आणि दुसऱ्यांदा पण जायच्या आधी परत खुर्चीत बसून बघितलंत, आणि मग आप्पांना म्हणालात, या, घ्या ताब्यात.

आई सांगायची, आप्पांच्या गाडीत गावाकडून शिकायला गेलेल्या पोरांचे डबे असायचे, तेव्हा एसटीनेच डबे जायचे. बाकी सगळे डबे शिटाखाली सरकवायचे, आप्पा मात्र ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाच्या बॉनेटवर रांगेने मांडायचे, फडकं घालून, घाटात पडू नयेत म्हणून दोरी बांधून. पोरांना भाकरी गरम मिळावी म्हणून. ना महामंडळाचा तसा नियम होता ना कुणी सांगितलं होतं, आणि ज्या पोरांनी ती भाकरी खाल्ली त्यांना कधी कळलं पण नसेल की ती गरम का असायची. मला लहानपणी हे एवढं काही विशेष वाटायचं नाही. तुम्ही त्या खुर्चीत बसलात तेव्हा मला ते डबे आठवले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले दादा, तुम्हाला वाटलं असेल चहा टाकायला गेली.

आता आप्पा रात्री झोपतात. रोज नाही, पण आठवड्यातले पाच दिवस तरी. दिवसा गाड्या मोजतात. काच पुसत नाहीत.

दिवाळीला फराळ घेऊन गाळ्यावर येणार आहे, वहिनींना सांगून ठेवा. आणि एक निरोप आहे. परवा आप्पांनी अचानक विचारलं, तो काचेचं काम करणारा पोरगा कुठल्या डेपोचा? मी म्हटलं, आपल्याच. तर म्हणाले, "वाटलंच मला. शीट विचारून घेतलं त्याने."

तुमची,
बावधनची ताई