ना बांधकामाचे, ना संगणकाचे: कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

डेटा सेंटर, म्हणजे हजारो सर्व्हर ठेवण्याच्या इमारती, उभारण्यासाठी बांधकाम आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्यांना शासकीय भरतीत वेगळी वर्गवारी देऊ, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. त्यावर विसंबून मी अर्ज केला. काल तो परत आला. शेरा एका ओळीचा: शाखा संबंधित नाही.

स्थापत्याची पदवी घेतली. मग दिवसा साइट सांभाळून रात्री नेटवर्क, सर्व्हर, बीआयएम (इमारतीचे संगणकीय प्रारूप), हवेच्या प्रवाहाचे सिम्युलेशन शिकलो. डोळे गेले, बचत गेली. आता बांधकामवाले म्हणतात, तुम्ही संगणकाकडे वळलात. संगणकवाले म्हणतात, पदवी स्थापत्याची. मग मी कुठे उभा राहू?

साहेब, डेटा सेंटर ही नुसती इमारत नसते. पूर्वी सर्व्हरच्या एका रॅकला, म्हणजे कपाटाला, पाच-दहा किलोवॅट पुरत. आज एआयचा एक रॅक १२० किलोवॅट किंवा त्याहूनही जास्त वीज ओढू शकतो आणि त्याची सगळी उष्णता बाहेर काढावी लागते, तीही बहुतांशी द्रवाच्या पाइपांतून. रॅकचे वजन, पाइपांचे मार्ग, गरम-थंड हवेच्या वेगळ्या गल्ल्या, हे सारे स्लॅब पडण्याआधी ठरावे लागते. नाही ठरले की बीम आडवा येतो, कोअर कटिंग (तयार काँक्रीटला भोके पाडणे) सुरू होते आणि थंड हवा गरम हवेत मिसळून वाया जाते. अॅश्रे या अभियंत्यांच्या संघटनेची शिफारस सर्व्हरला जाणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे. तरीही गरम कोपरा झाकण्यासाठी अख्खे हॉल गोठवलेले मी पाहिले आहेत.

हिशेब करा. एकूण वीज भागिले संगणकांना मिळालेली वीज, हा झाला पीयूई; तो १ च्या जितका जवळ, तितकी नासाडी कमी. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत जगाची सरासरी १.५६ होती, गुगल १.१ च्या आसपास चालवते. संगणकांचा भार १० मेगावॅट धरला, तर १.५ आणि १.२ मधला फरक वर्षाला अडीच कोटी युनिटांहून जास्त. ही वीज कोणाची जाते? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने डेटा सेंटर २०२४ मध्ये जगाची दीड टक्का वीज खात होती आणि २०३० पर्यंत त्यांचा एकूण वीजवापर दुपटीहून पुढे जाईल.

आणि तुमची यंत्रणा काय करते? बांधकामाची निविदा वेगळी, कूलिंगची वेगळी, सर्व्हरची वेगळी, प्रत्येक सर्वांत कमी दराला. वीजबिलाला जबाबदार कोणीच नाही. महाविद्यालयात शाखांच्या भिंती, भरतीत शाखांच्या भिंती, आणि तेच कप्पे शेवटी काँक्रीटमध्ये उतरतात. मला नाकारणाऱ्या कारकुनावर माझा राग नाही. त्याच्या तक्त्यात रकानाच नाही, आणि तो रकाना आपण देणार होतात.

वर्गवारीचा आदेश कधी निघणार, ते तारखेसह लेखी कळवा. पुढच्या भरतीपर्यंत माझी वयोमर्यादा उलटलेली असेल.

आपला,
एक स्थापत्य अभियंता